टायपिंगच्या चुका टाळायला कीबोर्डच्या कोणत्या सेटिंग वापरता?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. माझे वडील निवृत्त शिक्षक. आपल्या शाळेच्या आणि गावाच्या आठवणी ते स्वतः लॅपटॉपवर लिहीत आहेत. विंडोज ११ आहे, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण बटणरचना) त्यांनी निवृत्तीनंतर शिकून घेतला. कंपवातामुळे बोटे आता पूर्वीसारखी चालत नाहीत. "शाळेच्या मागे खळे होते" असे लिहायला जातात आणि पडद्यावर "सालेच्या मागगे कले होते" उमटते. "फणस"चा "पमस" होतो. मधेच कर्सर दोन ओळी वर उडी मारतो आणि पुढचा शब्द भलत्याच वाक्यात घुसतो.

बोलून टाइप करण्याचा पर्याय मी सुचवला होता. त्यांना तो नको आहे, लिहिताना विचार सुचतो म्हणतात, आणि मला ते पटते. विंडोजमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून एक विभाग दिसतो. त्यातले नेमके काय चालू करावे? कुणी प्रत्यक्ष वापरले आहे का?

तिरफळ
बाबांना नमस्कार सांगा. तुम्ही दिलेल्या उदाहरणातल्या बहुतेक चुका एकाच जातीच्या आहेत, शिफ्ट निसटण्याच्या. इन्स्क्रिप्टमध्ये क आणि ख एकाच बटणावर. तसेच ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ, ल-ळ, स-श. म च्या बटणावर शिफ्टसह ण. म्हणून फणसाचा पमस. इंग्रजीत शिफ्ट निसटली तर फार तर कॅपिटलचं स्मॉल होतं, वाचणाऱ्याला कळतं तरी. मराठीत अक्षरच बदलतं.

यावर उपाय स्टिकी कीज. विंडोज आणि यू ही दोन बटणं एकत्र दाबा, ॲक्सेसिबिलिटी उघडेल, त्यात कीबोर्ड. स्टिकी कीज चालू केलं की शिफ्ट दाबून सोडून द्यायची, मग सावकाश क चं बटण दाबायचं, ख उमटतो. दोन बोटं एकाच वेळी लागत नाहीत.

पण नुसतं चालू करून थांबू नका, त्याच पानावरचे दोन पर्याय बघा. एक, बटण लागोपाठ दोनदा दाबलं की ते लॉक होणं. हात थरथरत असेल तर शिफ्ट नकळत दोनदा दाबली जाते आणि पुढचा सगळा मजकूर शिफ्टमधला येतो. हे बंद करा. दुसरा, दोन बटणं एकदम दाबली गेली की स्टिकी कीज आपोआप बंद होणं. हेही बंद करा, नाहीतर बाबांना कळणारही नाही आणि सोय नाहीशी झालेली असेल. शिफ्ट दाबल्यावर आवाज येण्याचा पर्याय मात्र असू द्या.

सातारीकंदी
म्हणजे शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर जी खिडकी उगवते ती हीच होय! गेम खेळताना ती आली की आमच्या घरी आरडाओरडा होतो.

तिरफळ
@सातारीकंदी हो, तीच. पाच वेळा शिफ्ट हा तिचा शॉर्टकट. तुम्हाला नको असेल तर त्याच पानावर फक्त शॉर्टकट बंद करता येतो.

टंकनगुरू
मी वेगळं मत मांडतो. बावीस-पंचवीस वर्षांपासून टायपिंग शिकवतो आहे, आधी मशीनवर आणि आता संगणकावर. परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसी परीक्षेला मुलं बसवतो, मिनिटाला ३० शब्दांची आणि ४० शब्दांची. नव्वद टक्के चुका बसण्याच्या पद्धतीमुळे आणि बोटं चुकीच्या रांगेवर असल्यामुळे होतात. शिफ्ट नेहमी विरुद्ध हाताच्या करंगळीने दाबायची. क उजव्या हाताला, तर त्याची शिफ्ट डावीकडची. हे कुणी पाळत नाही. सेटिंगच्या कुबड्या घेतल्या की हाताला वळण लागत नाही. आधी सराव, मग बाकीचं.

रानजाई
@टंकनगुरू सर, तुमचा सल्ला विशीतल्या विद्यार्थ्याला योग्य आहे. इथे प्रश्न कंपवात झालेल्या वडिलांचा आहे. त्यांच्या हाताला वळण कधीचं लागलेलं आहे, हात आता ऐकत नाही इतकंच. आणि कुबडी हा शब्द कमीपणाचा का वाटावा? ज्याला लागते तो ती घेऊन चालतो, पोहोचतो.

निर्गुडी
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

कंपवातात सगळ्यांना वाटतं की थरथरीमुळे चुका होतात. पण त्यातली ठरावीक थरथर बऱ्याचदा हात स्वस्थ असताना जास्त असते. टाइप करताना जास्त आड येतात त्या दोन गोष्टी, स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालीचा मंदपणा. बोट बटणावर जातं, पण वेळेत उचललं जात नाही.

म्हणून "मागगे" मधला जास्तीचा ग कुठून आला हे आधी बघा. बाबांच्या शेजारी पाच मिनिटं बसा आणि पडद्याकडे न बघता बोटांकडे बघा. बोट बटणावर रेंगाळत असेल तर तो बटणाच्या आपोआप पुनरावृत्तीचा प्रश्न. त्यासाठी विंडोज आणि आर दाबून आलेल्या चौकटीत रोमन अक्षरांत कंट्रोल कीबोर्ड लिहा आणि एंटर करा. एक छोटी जुनी खिडकी उघडते. तिथे पुनरावृत्तीआधीचा विलंब चार टप्प्यांत बदलता येतो, साधारण पाव सेकंदापासून एक सेकंदापर्यंत. तो सर्वांत लांब करा. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांचं काम एवढ्यावर भागतं.

बोट उचलून पुन्हा टेकत असेल, म्हणजे खरोखर दोनदा दाबलं जात असेल, तर उपाय वेगळा. फिल्टर कीजमधलं बाउन्स कीज. एक बटण दाबल्यावर तेच बटण ठरावीक वेळेत परत दाबलं गेलं तर ते दुर्लक्ष करतं.

दिसायला चूक एकच, उपाय दोन. चुकीचा निवडला तर माणूस वैतागून सगळंच बंद करतो.

आणखी एक. औषधाचा डोस घेतल्यावर काही काळ हात चांगला चालतो आणि पुढच्या डोसच्या आधी मंदावतो. लिहायची वेळ त्यानुसार ठरवा. कोपर आणि मनगट टेबलावर टेकलेलं हवं. लॅपटॉपला साधा बाहेरचा कीबोर्ड जोडून त्यावर भोकं पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी बसवता येते, त्यात बोट शेजारच्या बटणावर घसरत नाही. सेटिंग आणि पट्टी दोन्ही मिळून खूप फरक पडतो.

वेताळटेकडी
निर्गुडीताई, उत्तम प्रतिसाद. यात एक धोक्याची सूचना जोडतो. फिल्टर कीज चालू केलं की त्यात स्लो कीजही चालू झालेलं असू शकतं. म्हणजे बटण काही वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षरच उमटत नाही. आधी ते बंद करा, मग बाउन्स कीज लावा.

उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली तरी फिल्टर कीजची विचारणा येते. विचार करत शिफ्टवर बोट ठेवून बसणाऱ्याकडून ती न वाचताच एंटर होतं. मग "कीबोर्ड बिघडला". आमच्या शेजारच्या काकूंना एका दुरुस्तीवाल्याने याच कारणासाठी नवा कीबोर्ड घ्यायला लावला होता. जुना ठणठणीत होता, मी अजून वापरतोय.

अनुस्वार
बाउन्स कीजबद्दल एक गंमत लक्षात आली. विंडोजच्या सेटिंगमध्ये त्याचा कमीत कमी वेळ अर्धा सेकंद आहे. रोमनमधून मराठी लिहिणाऱ्यांना हे जाचक. आ साठी ए दोनदा, ई साठी ई दोनदा, ऊ साठी ओ दोनदा, शिवाय एकच व्यंजन दोनदा येणाऱ्या जोडाक्षरात तेच रोमन अक्षर लागोपाठ. "पत्ता" लिहिताना तिथेच अडकाल.

इन्स्क्रिप्टमध्ये ही अडचण जवळजवळ नाही. पत्ता लिहायचा तर प, त, हलन्त, त, काना. दोन त च्या मध्ये हलन्त येतो, त्यामुळे तेच बटण लागोपाठ दाबावं लागत नाही. बच्चा, अण्णा, मुद्दा, सगळीकडे तसंच. अडतील असे शब्द शोधून काढावे लागतात: ससा, पपई, ननंद, बबन, ममता. बाबांनी इन्स्क्रिप्ट शिकून घेतलं हे फार चांगलं झालं.

सातारीकंदी
ननंदेशी अर्धा सेकंद थांबून बोलावं, हा अनुभवाचा सल्ला आहे.

रानजाई
@सातारीकंदी 😄 मी स्वतः ननंद आहे, अर्धा सेकंद पुरणार नाही.

पेंग्विनवाडी
लिनक्सवाल्यांसाठी. नोम या डेस्कटॉपमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या टायपिंगच्या भागात स्टिकी, स्लो आणि बाउन्स तिन्ही आहेत, आणि बाउन्सचा वेळ सरकपट्टीने हवा तेवढा कमी ठेवता येतो.

याचा उपयोग हात ठणठणीत असणाऱ्यांनाही आहे. मेकॅनिकल कीबोर्ड जुना झाला की स्विचच्या आतला संपर्क झिजतो आणि एकदा दाबलं तरी दोनदा संदेश जातो. माझ्या कीबोर्डचं न चं बटण असंच झालं होतं. त्यातलं अंतर काही मिलिसेकंदांचं असतं, तेव्हा बाउन्स अगदी थोडं लावलं तरी जास्तीचं अक्षर गळून पडतं आणि मुद्दाम दोनदा दाबलेलं तसंच राहतं. विंडोजमध्येही रजिस्ट्रीत (प्रणालीच्या आतल्या नोंदींत) बाउन्सटाइम म्हणून किंमत असते, ती मिलिसेकंदांत भरता येते, पण ज्यांना रजिस्ट्रीची सवय आहे त्यांनीच तिकडे जावं.

कोराईगड
कर्सर उडी मारण्याबद्दल कुणी बोललं नाही. तो तळहात टचपॅडला लागल्यामुळे उडतो. सेटिंगमध्ये ब्लूटूथ आणि डिव्हाइसेसच्या खाली टचपॅड, तिथे संवेदनशीलता सर्वांत कमी करा. माउस वापरत असाल तर माउस जोडलेला असताना टचपॅड बंद ठेवण्याचा पर्यायही तिथेच आहे. मॅकवर हाच पर्याय ॲक्सेसिबिलिटीच्या पॉइंटर कंट्रोलमध्ये सापडेल.

आणि कर्सर कुठे आहे ते दिसत नसेल तर ॲक्सेसिबिलिटीत टेक्स्ट कर्सर बघा. कर्सरच्या वर-खाली रंगीत ठिपके लावता येतात, रेघही जाड करता येते. माझ्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी याचा फार उपयोग झाला. शब्द भलत्या ओळीत घुसतोय हे तिला पहिल्याच अक्षराला दिसायचं.

लेखणीबाई
आमच्या ऑफिसात सर्वांत जास्त वैताग वेगळ्याच गोष्टीचा. डावं ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबलं गेलं की भाषा बदलते. मान वर केली की अर्धा परिच्छेद रोमनमध्ये. टायपिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये भाषा बदलण्याच्या हॉटकीज असतात, तिथे हा शॉर्टकट काढून टाकता येतो. विंडोज आणि स्पेसबारने भाषा बदलता येतेच, ती जोडी चुकून दाबली जात नाही.

कॅप्स लॉकसाठी टॉगल कीज चालू ठेवा. चालू झालं की उंच सूर, बंद झालं की खालचा. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, तिथे या आवाजाने वाचवलं आहे.

दृष्टीआड
मी पूर्ण अंध आहे, नागपुरात सरकारी नोकरीत. पडदा न बघता मराठी टाइप करणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहितो.

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली, मग जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. त्यातला ई-स्पीक आवाज मराठी वाचतो. एनव्हीडीएचं बटण आणि ३ दाबलं की टाइप केलेला प्रत्येक शब्द पूर्ण झाल्यावर ऐकू येतो. एनव्हीडीए आणि २ ने प्रत्येक अक्षर. मी अक्षरं बंद ठेवतो आणि शब्द चालू ठेवतो. अक्षरागणिक आवाज आला की वाक्याची लय तुटते. शब्द ऐकला की "खळे"च्या जागी "कले" पडलेलं कानाला तिथल्या तिथे खटकतं.

गोदाकाठ, तुमच्या वडिलांना डोळ्यांनी दिसत असलं तरी हे लावून बघा. टाइप करताना नजर कीबोर्डवर असते, पडद्यावरची चूक ओळ संपल्यावर दिसते. कान मात्र मोकळे असतात. पूर्ण स्क्रीन रीडर नको असेल तेव्हा बंद करता येतो.

एनव्हीडीएमध्ये अजून एक छान सोय आहे. कॅप्स लॉक चालू राहून शिफ्टमुळे लहान अक्षर उमटलं तर तो बीप देतो.

टंकनगुरू
@दृष्टीआड, हे मला माहीत नव्हतं, संस्थेतल्या एका संगणकावर लावून बघतो. माझ्याकडे एक अल्पदृष्टी विद्यार्थिनी येते, तिला उपयोग होईल.

@रानजाई, तुमचं म्हणणं मान्य आहे. ज्याच्या हाताला मर्यादा आहे त्याने सोयी जरूर वापराव्यात. पण ज्या पोरांची बोटं धडधाकट आहेत त्यांनी पहिले सहा महिने काहीही लावू नये, या मतावर मी ठाम आहे.

निर्गुडी
@टंकनगुरू सर, धडधाकट आणि अधू अशी रेघ इतकी सरळ नसते. मनगटाला प्लास्टर असलेला तरुण, बाळाला एका हातावर घेऊन ईमेल लिहिणारी आई, सांधेदुखीने पहाटे बोटं आखडणारी पन्नाशीतली बाई. सगळ्यांना स्टिकी कीज लागतं, कुणाला महिनाभर, कुणाला रोज सकाळी तासभर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, कंपवात त्यात येतो. पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे कसलंच प्रमाणपत्र नसतं. ही सोय वापरायला ते लागतही नाही. ती संगणकातच आहे, पैसे आधीच मोजलेले आहेत.

जुनाफ्लॉपी
अवांतर: या सोयी आजच्या नाहीत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये ग्रेग व्हँडरहायडन यांच्या गटाने त्यांचं मूळ काम केलं. डॉसच्या काळात त्या वेगळ्या घालाव्या लागत. विंडोज ९५ पासून मूळ प्रणालीतच आल्या. इतकी वर्षं प्रत्येक संगणकात आहेत आणि आपल्याकडच्या संगणक वर्गांत कुणी दाखवत नाही, याचं वाईट वाटतं. एमएस-सीआयटी शिकलेल्या भाच्याला विचारलं, त्यालाही शिफ्टची खिडकी म्हणजे व्हायरस वाटत होती.

गोदाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार याच कामात घालवला.

निर्गुडीताईंनी सांगितल्याप्रमाणे शेजारी बसून बोटे बघितली. बोट रेंगाळते आहे, पुन्हा टेकत नाही. म्हणून पुनरावृत्तीचा विलंब सर्वांत लांब केला आणि जास्तीची अक्षरे बहुतेक थांबली. बाउन्स कीजही लावून पाहिले होते, पण बाबा बॅकस्पेस टकटक दाबत खोडतात, ते सगळे अडायला लागले. काढून टाकले.

स्टिकी कीज त्यांना फार आवडले. तिरफळ, तुम्ही सांगितलेले दोन्ही पर्याय बंद केले ते बरे झाले, पहिल्या तासाभरात ते बंद नसताना शिफ्ट दोनदा लॉक झाली होती. शिफ्टचा आवाज आला की ते मान डोलावतात आणि मग पुढचे अक्षर दाबतात. काल "आठवण" हा शब्द पहिल्या दमात बरोबर आला. त्यात आ, ठ आणि ण, तीन वेळा शिफ्ट लागते.

टचपॅड बंद केला, माउस लावला. एनव्हीडीए त्यांना अजून नको आहे, आवाज यांत्रिक वाटतो म्हणाले.

एक प्रश्न राहिला. खोडताना बॅकस्पेसने एकेक मात्रा जाते, त्यांना पूर्ण शब्द खोडायचा असतो. स्टिकी कीजमध्ये ते जमेल का?

तिरफळ
जमेल. कंट्रोल दाबून सोडायचं, मग बॅकस्पेस एकदा. मागचा पूर्ण शब्द जातो. कंट्रोल, मग झेड, म्हणजे खोडलेलं परत. हे दोन कागदावर लिहून लॅपटॉपशेजारी चिकटवा. आणि बॅकस्पेस एकेक चिन्ह खोडतं, डिलीटचं बटण मात्र कर्सरपुढचं पूर्ण जोडाक्षर उडवतं, हेही त्यांना दाखवून ठेवा.

कोराईगड
वर्डमध्ये लिहीत असतील तर इन्सर्टच्या बटणाकडेही लक्ष ठेवा. ते दाबलं जाऊन पुढची अक्षरं खाल्ली जात असतील तर वर्डच्या प्रगत पर्यायांत त्या बटणाचा हा अधिकार काढून घेता येतो. टॉगल कीज इन्सर्टसाठी वाजत नाही.

मायदेशी
म्युनिकहून लिहितेय. धागा वाचून स्टिकी कीज लावलं, मनगटाच्या दुखण्यामुळे मला हवंच होतं. इथल्या कीबोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल असते, पण इन्स्क्रिप्ट जागेवरून चालतं, त्यामुळे ब जिथे असायचा तिथेच आहे.

फोनसाठी असं काही आहे का? माझ्या सासऱ्यांना व्हॉट्सॲपवर मराठी लिहिताना एकेक अक्षर दोनदा पडतं.

वेताळटेकडी
@मायदेशी आहे. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटी, टच, मग टच अकॉमोडेशन्स. तिथे स्पर्श किती वेळ टिकला तर मोजायचा आणि लागोपाठचा स्पर्श किती वेळ दुर्लक्षायचा, दोन्ही ठरवता येतं. सॅमसंगवर ॲक्सेसिबिलिटीतच टॅपचा कालावधी आणि पुन्हा झालेले स्पर्श दुर्लक्षिणं असे दोन पर्याय आहेत. वेळ अगदी कमी ठेवून सुरुवात करा, आणि सासरे फोन हातात घेऊन शेजारी बसलेले असतानाच वाढवत न्या.